नोंद घेतली आहे!

गेल्या आठवड्यात ऑफिसात एका मोठ्या साहेबांचं भाषण झालं. हजेरी सक्तीची, त्यामुळे हॉल भरलेला. विषय होता प्रोसेसचं महत्त्व. चौथ्या स्लाइडवर एक शिडाचं जहाज आलं आणि साहेब म्हणाले, "जगातली पहिली प्रोसेस-ड्रिव्हन मल्टिनॅशनल कोणती? ईस्ट इंडिया कंपनी! लंडनमधल्या एका इमारतीत बसून, थोड्याशा कारकुनांच्या जोरावर, सहा महिन्यांच्या अंतरावरचा मुलूख चालवला. कशाच्या बळावर? डॉक्युमेंटेशन!" पुढच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात: 'जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही.' टाळ्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोला.

पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण कंपनीचे कागद आणि त्यावर लिहिलेली पुस्तकं वाचणं हा माझा जुना रविवारचा नाद. आणि जितकं वाचलंय त्यावरून सांगतो, साहेब अर्धंच खरं बोलले. कंपनीचं डॉक्युमेंटेशन अफाट होतं, वाद नाही. पण त्याच्या बळावर मुलूख नीट चालला हे साफ खोटं. माझं म्हणणं तर पुढचं आहे: त्या कागदांचं मोठं काम होतं, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या अंगाला काही लागू न देणं. आणि हे काम आपण सगळे आजही दररोज करतो. सीसी लावून.

आधी यंत्रणा कशी होती ते सांगतो, कारण आपल्या धंद्यातल्या माणसाला ती बघून खरंच कौतुक वाटेल.

लंडनला लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीचं मुख्य ऑफिस, ईस्ट इंडिया हाउस. तिथे चोवीस संचालकांचं मंडळ. इकडे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथे प्रत्येकी एक गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल. कौन्सिलच्या बैठकीत जे बोललं गेलं, जी पत्रं आली, ज्याने विरोध नोंदवला, ते सगळं कार्यवृत्तात उतरायचं आणि त्या जाडजूड वह्यांच्या नकला लंडनला रवाना व्हायच्या. सोबत मुख्य पत्र, म्हणजे 'जनरल लेटर'. त्यातल्या परिच्छेदांना क्रमांक असायचे आणि उत्तर देणाराही त्या क्रमांकांच्या आधाराने, परिच्छेदामागून परिच्छेद उत्तर द्यायचा. आपण मेलमध्ये समोरच्याच्या प्रत्येक ओळीखाली वेगळ्या रंगात उत्तर लिहितो ना, तेच. जहाज बुडालं तर? म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जायच्या. म्हणजे बॅकअपसुद्धा होता! लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आज कंपनीचे आणि तिच्यानंतर आलेल्या इंडिया ऑफिसचे कागद आहेत. सगळे मिळून सुमारे १४ किलोमीटर लांबीची शेल्फं भरतात.

तर आता या सुंदर यंत्रणेतून एक प्रकरण शेवटपर्यंत नेऊन बघू. प्रकरण बंगालच्या दुष्काळाचं.

१७६५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली, म्हणजे शेतसारा वसूल करायचा हक्क. व्यापारी पेढी एकदम सरकार झाली. २४ मे १७६९ ला मुर्शिदाबादच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड बेचर याने कलकत्त्याला लिहून कळवलं, की दिवाणी आपल्याकडे आल्यापासून इथल्या लोकांची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली आहे, हा समृद्ध देश नाशाच्या वाटेवर आहे. लक्षात घ्या, हे कुणी कंपनीचा शत्रू म्हणत नाही. कंपनीचाच माणूस, कंपनीच्याच पत्रात, दुष्काळाच्या आधी म्हणतोय. पत्र पोचलं. दप्तरी दाखल झालं. नोंद घेतली गेली.

त्या वर्षी पाऊस फसला. १७७० च्या सुरुवातीला कलकत्त्याच्या कौन्सिलने लंडनला कळवलं, की हाल फार आहेत, मात्र महसुलात अजून तूट आलेली नाही. हे 'मात्र' बघा. आपल्याकडे स्टेटस रिपोर्टमध्ये असतं ना, 'काही अडचणी आहेत, मात्र डिलिव्हरी वेळेवर होईल', अगदी तसं. मे महिन्यातल्या पत्रात भाषा बदलली: मृत्यू आणि भिकेची अवस्था वर्णनापलीकडची आहे, एकेकाळच्या संपन्न पूर्णिया प्रांतात एक तृतीयांशाहून जास्त माणसं मेली आहेत.

मग केलं काय? १८६० च्या दशकात डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधल्या जिल्ह्यांची जुनी दप्तरं उपसली आणि १८६८ मध्ये ग्रामीण बंगालवरचं त्याचं पुस्तक आलं. तो सांगतो, की दुष्काळाच्या वर्षी शेतसाऱ्यात मिळालेली सूट पाच टक्केसुद्धा नव्हती, आणि पुढच्या वर्षासाठी साऱ्यात उलट दहा टक्के वाढ झाली. परत वाचा. वाढ!

आता या प्रकरणातलं सगळ्यात भयानक पत्र. ३ नोव्हेंबर १७७२. गव्हर्नर आता वॉरन हेस्टिंग्ज. तो आणि त्याचं कौन्सिल संचालकांना कळवतात, की प्रांतातली किमान एक तृतीयांश माणसं गेली, लागवड घटली, आणि तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही जास्त भरली. हे कसं जमलं? त्याचंही उत्तर पत्रात आहे: बळजबरीने वसुली जुन्या पातळीवर टिकवून धरली. त्यातला एक मार्ग म्हणजे 'नाजाय' नावाची पट्टी. गावातला शेजारी मेला किंवा परागंदा झाला, तर त्याच्या वाट्याची तूट जे जिवंत उरले त्यांच्यावर बसवायची. म्हणजे ज्या गावात जास्त माणसं मेली, तिथे उरलेल्यांवर जास्त बोजा.

मेलेल्यांचा आकडा नेमका किती यावर इतिहासकारांचे वाद आहेत आणि राहतील. पण माझा मुद्दा त्या आकड्याचा नाही. माझा मुद्दा असा, की पत्र लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं. माणसं किती गेली, वसुली किती आली, कशी आली, सगळं. त्याने ते लपवलंही नाही. नेटक्या इंग्रजीत, कारणं देऊन, व्यवस्थित लिहिलं. आणि लिहून झाल्यावर ते प्रकरण त्याच्या टेबलावरून लंडनच्या टेबलावर सरकलं. बास. साहेबांच्या स्लाइडवर मी एकच ओळ वाढवीन: 'आणि जे लिहिलं, त्याचं आता आपण काही देणं लागत नाही.'

बरं, लंडनने काय केलं? संचालकांचं २८ ऑगस्ट १७७१ चं पत्र आहे. त्यात संताप आहे. इंग्रज साहेबांच्या गुमास्त्यांनी दुष्काळात धान्याचा मक्ता साधला, रयतेला पुढच्या पेरणीचं बियाणंसुद्धा विकायला लावलं, असं कानावर आलंय, याबद्दल तीव्र संताप. पण त्याच दिवशीच्या आदेशांत काय होतं? कंपनीने आता उघडपणे दिवाण म्हणून पुढे यावं आणि बंगालचा नायब दिवाण मुहम्मद रझा खान याला काढून त्याची चौकशी करावी. आदेश कलकत्त्याला पोचले १७७२ च्या एप्रिलमध्ये. रझा खानला पहाऱ्यात कलकत्त्याला आणलं, चौकशी रेंगाळत चालली आणि शेवटी तो निर्दोष ठरला. तो धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. पण एवढ्या सगळ्या इंग्रजी कागदांमधून शेवटी मान पकडली कोणाची, तर कौन्सिलच्या टेबलाशी ज्याला खुर्ची नव्हती त्याची! आपल्याकडे रूट कॉज अॅनालिसिसमध्ये शेवटी कंत्राटी टेस्टरचं नाव निघतं, त्याची आठवण झाली.

आणि हो, १७७१ मध्ये कंपनीने भागधारकांना साडेबारा टक्के लाभांश दिला. तोही व्यवस्थित नोंदलेला आहे.

हे सगळं मी परवा एका मित्राला सांगत होतो. तो म्हणाला, "अरे पण तू आजच्या चष्म्यातून बघतोयस. पत्राला सहा-सहा महिने लागायचे. बिचारे करणार काय? लेटन्सीचा प्रॉब्लेम आहे हा."

हा बचाव नेहमीचा आहे, म्हणून नीट बघू. अंतर खरंच होतं. मे १७७० मध्ये कलकत्त्याहून निघालेली खबर आणि एप्रिल १७७२ मध्ये पोचलेले आदेश, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. पण मला सांगा, सारा थांबवायला लंडनची परवानगी लागत होती, तर वाढवायला कशी नाही लागली? 'नाजाय' वसूल करायला कोणी लेडनहॉल स्ट्रीटच्या जहाजाची वाट बघितली? ज्यात कंपनीचा पैसा येतो तो निर्णय जागेवर व्हायचा. ज्यात पैसा सोडावा लागतो तो निर्णय 'वरून' येणार असायचा. आणि वरचे म्हणायचे, आम्ही इतक्या दुरून काय सांगणार, जागेवरच्या माणसाने बघावं. अंतर दोघांच्याही सोयीचं होतं. कलकत्त्याला लंडनच्या मागे लपता यायचं आणि लंडनला कलकत्त्याच्या.

आपल्या मराठी माणसाला याचं एक घरचं उदाहरणही आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईच्या कौन्सिलने राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने तो अमान्य केला आणि कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुणेकरांशी पुरंदरचा तह केला. त्यानंतर त्याच वर्षी लंडनहून संचालकांचं पत्र आलं, ज्यात सुरतेच्या तहाला पसंती होती! आता मुंबईकरांच्या एका हातात कलकत्त्याचा तह आणि दुसऱ्या हातात लंडनचं पत्र. त्यांनी सोयीचा कागद उचलला, राघोबांना सोडलं नाही आणि गाडी पुढे १७७९ च्या जानेवारीत वडगावच्या माळावर जाऊन अडकली. तिथे नामुष्कीचा करार करून मागे फिरावं लागलं. युद्ध मिटलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने. कागद कमी होते म्हणून हे घडलं का? उलट प्रत्येकाकडे आपल्या बाजूचा एक रीतसर, क्रमांक घातलेला कागद होता.

आणि लेटन्सी हेच कारण असेल, तर आज काय? आज मेल एका सेकंदात पोचतो. मग आज असं होत नाही?

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी कर्जवसुलीच्या एका सिस्टिमवर काम करत होतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आमच्या टीममधल्या एका नवीन मुलीच्या लक्षात आलं, की ठरावीक परिस्थितीत हप्ता उशिरा भरल्याचा दंड काही खात्यांवर दोनदा लागतोय. ती माझ्याकडे आली. मी बघितलं, बरोबर होतं तिचं. मी काय केलं? रिस्क रजिस्टरमध्ये एक ओळ टाकली: 'परिणाम: ०.३ टक्के खाती. प्राधान्य: कमी.' मग अकरा जणांना मेल केला, विषयात 'माहितीस्तव'. आणि रात्री शांत झोपलो. खरंच शांत झोपलो, कारण माझं काम झालं होतं.

तिने दोनदा विचारलं, "सर, त्याचं काय झालं?" मी म्हणालो, "अगं, रेझ केलंय आपण. क्लायंटच्या कोर्टात आहे बॉल."

चार महिने दंड लागत राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तक्रारीवरून ते बाहेर आलं. पेन्शनवर घर चालवणारा माणूस, खात्यात औषधाला पैसे उरले नाहीत म्हणून पासबुक घेऊन तीन वेळा शाखेत गेला होता. मग आमच्याकडे मोठी मीटिंग झाली, कोणी काय केलं याचा शोध सुरू झाला आणि माझा तो मेल निघाला. आणि मंडळी, माझं कौतुक झालं. "बरं झालं तू डॉक्युमेंट करून ठेवलं होतंस." टीम वाचली. दंड यथावकाश परत केले गेले. ती मुलगी मात्र त्या मीटिंगभर माझ्याकडे बघत होती, ते मला अजून आठवतं.

बंगालचा दुष्काळ आणि माझा मेल यांची बरोबरी करत नाहीये, तेवढी अक्कल आहे मला. पण वाक्याची रचना तीच आहे. 'एक तृतीयांश रहिवासी' आणि '०.३ टक्के खाती'. माणसाचा आकडा झाला की तो पुढे सरकवायला हलका होतो.

कागदाच्या बाजूने बोलणारे साहेब पहिले नव्हेत. जॉन स्टुअर्ट मिलसारखा विचारवंत १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया हाउसमध्ये नोकरीला होता, हिंदुस्थानात जाणाऱ्या पत्रांचे मसुदे लिहायचा. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याने कंपनीच्या कारभाराची बाजू मांडताना हेच सांगितलं: हिंदुस्थानचा सगळा कारभार लेखी चालतो, इतकी पूर्ण नोंद दुसरं कुठलंच सरकार ठेवत नाही, आणि हीच चांगल्या कारभाराची हमी. मिल मोठा माणूस. पण इथे तो चुकला असं मला वाटतं. नोंद ही हमी तेव्हाच होते, जेव्हा ती वाचणाऱ्याचं काही बिघडू शकतं. बंगालची रयत त्या पत्रांचा विषय होती, पण ती पत्रं तिला उद्देशून कधीच नव्हती. तिला ती वाचता येत नव्हती, उत्तर देता येत नव्हतं, आणि संचालकांना निवडून देणाऱ्यांत तिचं एकही मत नव्हतं. चोवीस संचालकांना निवडायचे ते भागधारक.

"आपल्याकडे लिहायची सवयच नव्हती, म्हणून हरलो," हेही एक ठरलेलं वाक्य. ते म्हणणाऱ्यांनी एकदा पुण्याला पेशवे दफ्तर बघावं. रुमालांत बांधलेल्या कागदांचे ढीग आहेत तिथे. गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक छापले, तर ४५ खंड झाले. कागद दोन्हीकडे होते. नुसत्या कागदाने राज्य टिकत नाही आणि नुसत्या कागदाने न्यायही होत नाही.

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर अन्याय होईल. हे सगळं आज मला कळतं ते त्याच कागदांमुळे. हंटरला दप्तर सापडलं नसतं तर 'नाजाय' हा शब्द मी इथे लिहू शकलो नसतो. एडमंड बर्कने हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला तोही कंपनीच्याच कागदांच्या आधारावर. पण त्याचा शेवट? १७८८ ला सुरू झालेला खटला १७९५ ला संपला, हेस्टिंग्ज निर्दोष. आणि त्या खटल्याचे आरोप दुष्काळाबद्दल नव्हतेच. जॉन कार्टियर, जो दुष्काळाच्या ऐन काळात बंगालचा गव्हर्नर होता, त्याचं नाव तरी तुम्ही कधी ऐकलंय? म्हणजे कागदाचा उपयोग झाला, पण शंभर वर्षांनी, इतिहासकाराला. पूर्णियातल्या माणसाला नाही.

म्हणून डॉक्युमेंटेशन बंद करा असं माझं म्हणणं नाही. लिहा, भरपूर लिहा. पण 'लिहिलं' म्हणजे 'केलं' ही समजूत सोडा. माझ्यापुरता मी एक नियम केलाय. कुठलाही 'माहितीस्तव' मेल पाठवायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हे थांबवायचा अधिकार कोणाला आहे, त्याचं नाव मेलमध्ये आहे का? कुठल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी उठून त्याच्या टेबलाशी जाणार आहे? आणि ज्याचं नुकसान होतंय, त्याला हे कळणार आहे का? तिन्हींची उत्तरं नसतील, तर तो मेल मी फक्त स्वतःसाठी लिहितोय. माझ्या बचावाचा कागद. तो लिहायला हरकत नाही, पण त्याला निदान कर्तव्य म्हणू नये.

काल रात्री बसून मी माझ्या पाठवलेल्या मेलमध्ये 'माहितीस्तव' शोधलं. गेल्या वर्षभरातले जे निघाले, ते एकेक करून वाचले. बहुतेकांत 'कोण थांबवणार' याचं उत्तर नव्हतं. त्यातले दोन विषय अजून उघडे आहेत. भाषा मात्र सगळ्यांत सुरेख आहे. लेडनहॉल स्ट्रीटवर मला नोकरी नक्की मिळाली असती.

सोमवारी सकाळी त्या दोन विषयांसाठी, लॅपटॉप बंद करून, दोन माणसांच्या टेबलाशी जायचंय. एकाशी भांडण होईल असं दिसतंय. होऊ दे.